धुतलेला झगा

ज्या वर्षी क्लेओफासने अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं आणि तिच्या थोरल्या भावाने सोडलेला दारूचा बाण वाट चुकून नवरदेवाच्या हॅटमध्ये शिरला, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न जानेवारीत झालं. त्या हॅटवरून आमचं गाव पुढे कितीतरी दिवस हसत होतं. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तोच भाऊ, उस्ताद नाबोर, राजधानीतल्या भाजलेल्यांच्या इस्पितळात नळाखाली हात धरून उभा होता.

“कोपरापर्यंत, उस्ताद,” नर्स ओब्दुलिया म्हणाली. “रोज सांगायला लावू नका.”

“कोपरापर्यंतच धुतोय बाई. आता खांद्याला साबण लावू का?”

“नखांखाली घासा.”

“ज्या बोटांना नखं आहेत त्यांच्या घासतो,” नाबोर म्हणाला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पोरवयातच एका बाराने नेली होती. आमच्या गावात ते कोणी विचारतही नाही. गाव शोभेच्या दारूवर जगतं. बाण, चक्रं, भुईनळे आणि सणासुदीला चर्चपुढच्या चौकात उभे राहणारे लाकडी मनोरे, ज्यांच्यावर रात्री एकामागून एक चक्र पेटत वर जातं. नाबोरसारखा मनोरा बांधणारा आसपासच्या डोंगरात नव्हता. आणि नाबोरपेक्षा चांगली चक्रं बांधणारी एकच होती, त्याची मुलगी लेओकादिया.

ती आत पडली होती. मार्चमधल्या संताच्या सणासाठी चंदेरी भुकटी मिसळताना कसली तरी ठिणगी पडली. वारा कोरडा होता. कशाने पडली ते कोणाला कळलं नाही, कळतही नसतं. दोन्ही हात, छाती, पाठ, मान, असं अर्धं अंग गेलं. चेहरा मात्र हनुवटीपर्यंत शाबूत राहिला.

नाबोरने पिवळा गाऊन चढवला, तोंडावर पट्टी बांधली आणि आत गेला.

“बाबा,” लेओकादिया म्हणाली, “त्या गाऊनमध्ये तुम्ही थेट बाजारातल्या कोंबड्या विकणाऱ्या म्हातारीसारखे दिसता.”

“आणि तू तामालसारखी. मक्याच्या पानाऐवजी पट्ट्यांत गुंडाळलेली.”

“सारण तिखट आहे म्हणावं.”

“ते गावाला ठाऊक आहे. म्हणून तर एकतीस वर्षांची होऊनही कोणी तोंडात धरली नाही.”

ती हसली आणि हसताना दुखलं म्हणून तिने शिवी दिली. ती शिवी ऐकून नाबोरला इतकं बरं वाटलं की त्याला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. पहिल्या आठवड्यात ती बोलतच नव्हती. घशात नळी होती, अंग सुजून ओळखू येत नव्हतं. आता नळी निघाली होती. मांडीची कातडी काढून छातीवर लावली होती आणि ती धरत होती. आता ती खायला मागत होती.

दुपारी डॉक्टर साल्दिवार बाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या उभ्या राहून बोलत नसत, शेजारी बसत. म्हणूनच नाबोरला त्यांची भीती वाटे. वाईट सांगणारी माणसं शेजारी बसतात.

“बरी दिसतेय ना?” त्यांनी विचारलं.

“शिव्या देतेय.”

“तेच सांगायचंय. ती बरी दिसतेय म्हणून कोणी सैल पडू नका. खरा धोका आता आहे.”

“भाजणं तर होऊन गेलं, डॉक्टर.”

“भाजण्याने गेली नाही, तेवढं आपण जिंकलो. आता जंतू.” त्या त्याच्याकडे वळल्या. “असं बघा. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या आपले पहारेकरी. इतकं अंग भाजलं की शरीर घाबरतं आणि होते नव्हते तेवढे पहारेकरी एकदम बाहेर काढतं. ते चवताळून दिसेल त्याला चावतात, स्वतःच्या फुप्फुसालासुद्धा. मग थकतात आणि मरतात. हाडांच्या आतून नवे येतात, पण ते कच्चे. तपासणीत संख्या भरपूर दिसते. पण जंतू समोर आला तरी ते त्याच्याकडे जात नाहीत. गेले, गिळला, तरी त्याला मारू शकत नाहीत.”

नाबोर खाली मान घालून ऐकत होता. “ओल धरलेली दारू,” तो म्हणाला. “दिसायला तीच. वजनही भरतं. वात लावली की नुसती फुसफुसते.”

“हो. तसंच.”

“किती दिवस?”

“आठवडे. कधी महिने. तोवर तिच्या जागी आपण पहारा द्यायचा. पाणी, साबण, गाऊन. बाहेरचं काही आत न्यायचं नाही. फूल नाही, जपमाळ नाही, घरची चादर नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मान डोलावतात, उस्ताद.”

नाबोरनेही मान डोलावली. त्याने ती खरोखर मनापासून डोलावली होती.

---

क्लेओफास रविवारी आली. लेओकादियाची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून या आत्यानेच पोरीला वाढवलं होतं. नवा नवरा एवारिस्तो त्या वर्षी संताच्या सणाचा मानकरी होता आणि म्हणून संताचा झगा तिच्या घरच्या पेटीत होता.

आमचा संत सान हुआन दे दिओस. जळत्या इस्पितळात शिरून त्याने रुग्णांना पाठीवर घालून बाहेर आणलं आणि त्याला झळसुद्धा लागली नाही, असं सांगतात. दारूकाम करणाऱ्यांना दुसरा कोणता संत चालणार? चर्चमधल्या त्याच्या मूर्तीचा जुना मखमली झगा गावात भाजलेल्या प्रत्येकाच्या अंगावर घालतात. नाबोरची बोटं गेली तेव्हा त्याच्याही अंगावर घातला होता. त्या झग्याला पाणी लावायचं नाही, हा दंडक होता. पाण्याने दारू मरते, तशीच त्याची ताकदही मरेल, असं सगळे मानत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याची कड ओठांना लावली होती. मेणाने, धुराने, हातांच्या तेलाने तो चामड्यासारखा ताठ झाला होता.

“आणते पुढच्या खेपेला,” क्लेओफास फाटकापाशी म्हणाली.

“नको.”

“नको म्हणजे?”

नाबोरने तिला सगळं सांगितलं. पहारेकरी, कच्चे, ओल धरलेली दारू.

“दादा, त्या डॉक्टरबाईला मी कादियाचे केस विंचरायला कधी बोलावलं होतं का? मग मला माझ्या लेकीचं काय करायचं ते ती का शिकवते?”

“ती शिकलेली आहे.”

“शिकलेली असू दे. तुझा हात कोणी वाचवला?”

“आणि सेवेरोला झगा लावूनही तो गेलाच की,” नाबोर म्हणाला. सेवेरो त्यांचा मधला भाऊ.

क्लेओफासने पदरासारखी शाल तोंडावर घेतली. “सेवेरोचं नाव काढू नकोस. त्याच्यासाठी झगा उशिरा आला होता.”

आमच्याकडे झगा लावून जो वाचला तो झग्याने वाचला आणि जो गेला त्याच्यासाठी झगा उशिरा आलेला असतो.

पण खरी गाठ आत पडली. त्या आठवड्यात एकदा पट्ट्या बदलून झाल्यावर लेओकादिया थरथरत पडली होती. पट्ट्या बदलणं म्हणजे काय ते इथे सांगत नाही. नाबोर त्या वेळी जिन्यात जाऊन बसायचा आणि तरी त्याला ऐकू यायचं.

“बाबा,” ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. “झगा का नाही आणला?”

“डॉक्टर नाही म्हणते.”

“मला वाटलं आत्या विसरली.”

“आत्या कशी विसरेल?”

“मग मी मरणार आहे का? म्हणून नाही आणत?”

“वेडी का तू?”

“पोरगी होते तेव्हा शेजारच्या पिलारला झगा नव्हता आणला. आई म्हणाली होती तिची, आता कशाला त्रास द्यायचा.” तिने डोळे मिटले. “मला भीती वाटते हो बाबा. बार उडतो तेव्हा नाही वाटत, वेळच नसतो. आता वेळच वेळ आहे.”

नाबोरने एकतीस वर्षांत मुलीच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. डॉक्टरबाईंचं बोलणं त्याला कळलं होतं, पटलंही होतं. पण ते बोलणं घेऊन तो या खाटेपाशी उभा राहिला की ते हातात मावेना.

त्याने गावी निरोप धाडला नाही. पण पुढच्या रविवारी क्लेओफास आली तेव्हा त्याने नकोही म्हटलं नाही.

ती त्याला फाटकापासून दूर, तामालच्या गाडीमागे घेऊन गेली. प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरली होती. चेहरा उतरलेला.

“दादा, मी धुतला,” ती कुजबुजली.

“काय?”

“झगा. धुतला. साबण लावून, दोनदा. आपल्या टाकीच्या पाण्यात. काय पाणी निघालं म्हणून सांगू, कॉफीसारखं.”

नाबोर तिच्याकडे बघतच राहिला. या बाईने आयुष्यात संताच्या मूर्तीकडे पाठ करून चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता.

“एवारिस्तोला?”

“ठाऊक नाही. सणाच्या दिवसापर्यंत तो पेटी उघडत नाही. गावात कळलं तर मला दगडं मारतील आणि बरोबरच करतील.” तिने पिशवी पुढे केली. “तूच म्हणालास ना, घाण चालत नाही. मी घाण काढली. आता तरी नाही म्हणू नकोस. मी संताशी भांडण घेतलंय, दादा. तू त्या बाईशी घे.”

“वाळलाय का?”

“दोन दिवस उन्हात होता.”

तिला परतीची बस गाठायची होती, एवारिस्तो जेवायला यायच्या आत. पिशवी त्याच्या हातात देऊन ती गेली. नाबोरने पिशवीत हात घातला. मखमल वरून कोरडी, उबदारही होती. आतलं जाड अस्तर मात्र बोटांना गार लागलं.

चिमटीत घेऊन दारूची ओल सांगणारा माणूस होता तो. गावातली पोरंटोरं त्याच्याकडे भुकटी दाखवायला आणत. त्याने अस्तर पुन्हा दाबून पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, सकाळची थंडी आहे.

ओब्दुलियाने त्या दिवशी त्याला हात धुताना पाहिलंसुद्धा नाही. “तुमच्यावर माझा भरवसा आहे, उस्ताद,” असं ती दोन दिवसांपूर्वीच म्हणाली होती. पिवळ्या गाऊनखाली, पोटाशी झगा घेऊन तो आत गेला.

लेओकादियाने तो पाहिला आणि तिचं सगळं तोंड बदललं. नाबोरने तो हलकेच तिच्या छातीवर आणि खांद्यांवर पसरला. मानेवरची जखम त्या दिवशी उघडी होती. तिने हनुवटी वाकवून कड ओठांना लावली आणि थबकली.

“बाबा. याला साबणाचा वास येतोय.”

“आत्याने धुतला.”

“आत्याने?” तिचे डोळे मोठे झाले. “आत्याने संताला आंघोळ घातली?”

“कोणाला सांगू नकोस.”

“कानामागे घासलं का विचारा!” ती हसायला लागली. दुखत होतं तरी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाबोरही हसला. त्या खोलीत ते दोघं असे हसले जसे कामाच्या शेडमध्ये हसायचे, आवाज दाबून, कारण शेडमध्ये मोठ्याने काहीच करायचं नसतं.

“काढू?”

“थोडा वेळ राहू द्या.”

त्याने राहू दिला. ती झोपली. इस्पितळात आणल्यापासून पहिल्यांदाच कण्हल्याशिवाय झोपली.

---

मंगळवारी नाबोर आत गेला तेव्हा त्याला मक्याच्या ओल्या भाकरीचा वास आला. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखा. तिने कुठून तरी खायला मिळवलं, असं त्याला वाटलं आणि तो खूष झाला.

“कोणी भाकरी आणली का गं हिच्यासाठी?” त्याने पट्टीच्या आडून विचारलं.

ओब्दुलिया ट्रे लावत होती. तिचे हात थांबले. ती खाटेपाशी आली, मानेवरच्या पट्टीची कड उचलली, वाकली, वास घेतला. पट्टीच्या आतल्या बाजूला हिरवट डाग होता.

“उस्ताद, तुम्ही बाहेर बसा,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“बाहेर बसा ना जरा.”

काचेतून त्याने डॉक्टरबाईंना जवळजवळ धावत येताना पाहिलं. त्यानंतर बाटल्या बदलल्या. बुधवारी पुन्हा बदलल्या. छातीवर धरलेली कातडी, जी सगळ्यांना दाखवायची चीज झाली होती, ती कडेपासून काळी पडून सुटू लागली. आधी ताप चढला, मग अंग गार पडलं, आणि गार पडणं जास्त वाईट असं त्याला सांगण्यात आलं. लेओकादिया बरळत होती. चक्रांची नावं घेत होती, कोणतं कुठे बांधायचं ते कोणाला तरी सांगत होती. “वरचं आधी नको रे,” म्हणत होती, “वरचं आधी नको.”

“औषध लागू पडत नाही?” नाबोरने विचारलं.

“तो भाकरीचा वास याच जंतूचा, आणि तो बऱ्याच औषधांना दाद देत नाही,” डॉक्टर साल्दिवार म्हणाल्या. “आणि नुसतं औषध कधीच पुरत नाही. उरलेलं काम शरीराने करायचं असतं. आज तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी खूप आहेत, उस्ताद. पण सगळ्या कच्च्या.”

मग त्याने सांगितलं. उभं राहून, हॅट हातात धरून, काही न लपवता. झगा, गार लागलेलं अस्तर, गाऊनखाली लपवून आत नेणं आणि तसाच बाहेर आणणं. ओब्दुलियाचा दोष नाही, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर तो वाट बघत राहिला. त्या ओरडतील, हाकलून देतील, पोलीस बोलावतील, काहीही करतील.

डॉक्टरबाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. चेहरा लाल झाला होता.

“त्यातून आला असेल,” त्या म्हणाल्या. “ओल्या कापडात हा जंतू आवडीने राहतो. टाकीच्या पाण्यातही. किंवा त्यातून नसेलही आला. इतकं भाजल्यावर आतड्याची भिंत ढिली पडते, तिच्या स्वतःच्या पोटातून येतो. नळीतून येतो. नळातून येतो. कधी आमच्या हातांतूनही येतो.”

“पण यातला कशातून आला?”

“मला नाही सांगता येणार.”

“काहीतरी एक सांगा ना, डॉक्टर. माझ्यामुळे म्हणा. मी ऐकून घेईन.”

“उस्ताद, मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आणला नसतात तर बरं झालं असतं, एवढं सांगते. वाचली असती असं नाही सांगत.”

तो बाहेर येऊन बसला. शिक्षा झाली असती तर माणूस ती घेऊन कुठेतरी जातो. याला कुठे जायला जागाच राहिली नाही.

क्लेओफासला बोलावून घ्यावं लागलं. काचेतून आत बघून ती बाहेर आली आणि बाकावर न बसता जमिनीवरच बसली.

“मी मारली, दादा.”

“ऊठ.”

“मी धुतला म्हणून. मळका आणला असता तर लागू पडला असता. मी त्याची ताकद धुऊन टाकली, टाकीत ओतली ती, त्या कॉफीसारख्या पाण्याबरोबर. कोणी सांगितलं होतं मला? माझ्या आजीने नाही धुतला, तिच्या आजीने नाही.” ती कपाळ भिंतीवर आपटायला लागली. “मी मारली माझ्या लेकीला.”

नाबोरने तिचं डोकं धरलं. ताकद धुतली गेली म्हणून नाही गं, असं सांगावं, तर मग कशाने ते सांगावं लागलं असतं. ओल राहिली होती आणि ती मला कळली होती, असं सांगावं, तरी झगा तिचाच, पाणी तिचंच. कुठूनही बोलायला गेलं तरी शब्द तिच्याच अंगावर जाऊन पडणार होते. डॉक्टरबाईंचं “ठाऊक नाही” घेऊन क्लेओफास एक दिवसही जगू शकली नसती.

“झगा मी लावलाच नाही,” तो म्हणाला.

तिने मान वर केली.

“त्या दिवशी दारातच नर्सने गाऊन उघडून बघितला. आत नेऊ दिला नाही. पिशवी माझ्या खाटेखाली आहे, धर्मशाळेत. घेऊन जा.”

“लावला नाही?”

“नाही.”

“तिच्या अंगाला लागलाच नाही झगा?”

“नाही म्हटलं ना. धुतलास काय आणि न धुतलास काय. तुझ्यामुळे काही झालं नाही.”

क्लेओफास हळूहळू उभी राहिली. तिचं रडणं थांबलं होतं. भावाकडे ती अशी बघत होती जसं रस्त्यात आडव्या आलेल्या परक्या माणसाकडे बघतात.

“तू एका नर्सला घाबरलास,” ती म्हणाली. “मी संताला नाही घाबरले आणि तू एका पोरीएवढ्या नर्सला घाबरलास. माझी लेक झग्याची वाट बघत पडली होती.”

“हो.”

“म्हणून जातेय ती.”

“हो, क्लेओफास.”

“थू तुझ्यावर,” ती म्हणाली. मग शाल सावरून ती काचेपाशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली, दोन्ही पायांवर, भिंतीचा आधार न घेता. नाबोर बाकावर बसून तिच्या त्या ताठ पाठीकडे बघत राहिला.

सण त्या वर्षीही झाला. गावाने क्लेओफासचं म्हणणं खरं मानलं. उस्तादाने स्वतःच्या मुलीला झगा लावू दिला नाही, असं आजही आमच्याकडे सांगतात. बहीण त्याच्याशी पुन्हा बोलली नाही आणि त्यानेही कोणाला काही सांगितलं नाही. आम्हाला हे ओब्दुलियाकडून कळलं, तेही फार उशिरा.

लेओकादिया, उस्ताद नाबोरची एकुलती एक मुलगी, त्या वर्षी मार्चच्या चार तारखेला दुपारी, इस्पितळातच वारली.